ओल्या धावपट्टीवर आडवा वारा

सोलापूरच्या विमानतळाची धावपट्टी वायव्य-आग्नेय पडलेली आहे. तिच्या दोन टोकांवर रंगवलेले १५ आणि ३३ हे आकडे म्हणजे त्या त्या टोकाकडून उतरताना विमानाची होकायंत्रावरची दिशा, शेवटचे शून्य गाळून: १५० अंश आणि ३३० अंश. जूनपासून ऑगस्टपर्यंत आमच्याकडचा वारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे २७० अंशांच्या आसपास येतो. त्यामुळे ३३ च्या दिशेने उतरणाऱ्या विमानाशी हा वारा ६० अंशांचा कोन करतो आणि २० नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वाऱ्यातले सुमारे १७ नॉट विमानाला आडवे लागतात, तर समोरून मिळतात ते जेमतेम १०. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९-२७, म्हणजे थेट पूर्व-पश्चिम असल्याने समुद्रावरून येणारा तोच वारा तिथे बव्हंशी तोंडावर येतो आणि उतरणाऱ्या विमानाला मदतच करतो. एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात मुंबईला सोपे गेलेले उतरणे दुसऱ्या गावी अवघड का होते, याचे पहिले उत्तर या रंगवलेल्या आकड्यांत असते.

मी एअरबस ए३२० वर सहवैमानिक होते आणि कंपनीने मला कमांडरपदाच्या प्रशिक्षणासाठी निवडले, तेव्हा सुट्टी घेऊन सोलापूरला घरी अभ्यासाला आले. आमचे घर होटगी रस्त्याकडे आहे. मी चालवते ते विमान सोलापूरला येत नाही, पण इथला वारा लहानपणापासून अंगाला माहीत असल्यामुळे गणितांच्या सरावाला मी हीच धावपट्टी घेतली. जूनमध्ये गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी सगळ्या एकाच दिशेला, पूर्वेला फडफडत असतात, आणि चिमटा निसटला की शेजाऱ्यांच्या कोणत्या कठड्यावर शोधायचे हे आईला न पाहता सांगता येते. विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. तोवर आमच्या गावातली विमानसेवेवरची प्रत्येक चर्चा त्या चिमणीपाशी येऊन थांबत असे आणि वाऱ्याकडे कोणाचे लक्षही जात नसे. जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली, पुढे मुंबईचीही झाली, आणि मग ओळखीपाळखीचे लोक मला वाऱ्याबद्दल विचारू लागले.

सहवैमानिकाचा कमांडर होणे म्हणजे उजव्या खुर्चीवरून उठून डाव्या खुर्चीवर बसणे, असे बाहेरून दिसते. प्रत्यक्षात आधी वर्ग, मग सिम्युलेटर, नंतर प्रशिक्षक कमांडरच्या देखरेखीखाली प्रवाशांसह प्रत्यक्ष उड्डाणे आणि शेवटी तपासणी, असा तो क्रम असतो. या सगळ्यात मला सर्वांत जास्त धास्ती होती ती पावसाळी उतरण्याची. सहवैमानिकाला घालून दिलेली आडव्या वाऱ्याची मर्यादा कमांडरच्या मर्यादेपेक्षा बरीच खाली असते, म्हणून वारा वाढला की उतरवण्याचे काम आपोआप डावीकडे जाते. परिणामी ज्या उतरण्यांतून सर्वाधिक शिकायला मिळावे, ती सगळी मी शेजारी बसून पाहिलेली होती.

वर्गात जे शिकवले गेले, त्यातला गाभा टायर आणि पाणी यांच्या नात्याचा होता. धावपट्टीवर पाण्याचा थर असेल आणि वेग पुरेसा असेल, तर चाकाखालचे पाणी बाजूला व्हायला वेळच मिळत नाही आणि टायर पाण्यावर उचलला जाऊन तरंगतो. हा वेग किती, याचे नासातील संशोधनातून आलेले सूत्र आजही शिकवतात: टायरमधला दाब प्रति चौरस इंच पौंडांत घ्यायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि नऊने गुणायचे. ए३२० च्या मुख्य चाकांत साधारण २०० चा दाब असतो, म्हणजे उत्तर येते १२७ नॉट. हे फिरत्या चाकाचे झाले. विमान टेकते त्या क्षणी चाक स्थिर असते आणि स्थिर चाकासाठी गुणक ७.७ धरतात, म्हणजे उत्तर १०९ वर उतरते. आम्ही टेकतो १३५ नॉटच्या आसपास, ताशी अडीचशे किलोमीटरने. म्हणजे साचलेल्या पाण्यावर पहिले काही क्षण विमान जमिनीवर आलेले असूनही टायर जमिनीला लागलेलेच नसण्याची पुरती शक्यता असते.

यावरचा इलाज अर्धा स्थापत्य अभियंत्यांकडे आहे. धावपट्टीला मध्यापासून दोन्ही कडांकडे हलका उतार देतात आणि अनेक ठिकाणी पृष्ठभागावर आडव्या बारीक खाचा पाडतात, सुमारे सहा मिलिमीटर रुंद आणि तितक्याच खोल, म्हणजे चाकाखालच्या पाण्याला निघून जायला वाट मिळते. पण विमाने जिथे टेकतात तिथे स्थिर चाक क्षणात फिरू लागताना रबर वितळून पट्टीवर चिकटते, खाचा बुजतात आणि तेवढाच तुकडा पावसात गुळगुळीत होतो. म्हणून ते रबर ठरावीक काळाने जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने खरवडून काढावे लागते. विमानतळावरचे हे काम कोणाला दिसत नाही आणि त्याचे कौतुकही कोणी करत नाही, पण पावसाळ्यात आम्ही त्याच्याच भरवशावर उतरतो.

उरलेला अर्धा इलाज म्हणजे आकडे आणि शिस्त. नोव्हेंबर २०२१ पासून जगभर धावपट्टीची स्थिती एकाच पद्धतीने कळवली जाते. पट्टीचे तीन भाग करून प्रत्येक भागाला शून्य ते सहा यांपैकी एक अंक देतात. सहा म्हणजे कोरडी, पाच म्हणजे तीन मिलिमीटरपर्यंत पाण्याने ओली, आणि पाणी त्यापेक्षा जास्त साचले की थेट दोन. आमच्या विमानाच्या तक्त्यात सहा आणि पाच या अंकांना आडव्या वाऱ्याची मर्यादा झोतांसह ३८ नॉट आहे, तर दोनला ती २० वर येते. पाऊस तोच आणि वाराही तोच, पण आणखी एखादा मिलिमीटर पाणी साचले की परवानगी जवळपास निम्मी होते. घरी जेवणाच्या टेबलावर हा तक्ता पाठ करताना मला हे अतिरेकी वाटले होते.

ते का अतिरेकी नाही, हे बाबांनी सांगितले. ते एसटीत चालक होते आणि सोलापूर-रत्नागिरी गाडी घेऊन त्यांनी कित्येक पावसाळे आंबा घाट उतरला आहे. मी कागदावर बाण काढून टायरच्या पकडीचे गणित मांडत होते, ते पाहत उभे असलेले बाबा म्हणाले, “अगं, ओल्या वळणावर ब्रेक मारायचाच नसतो. टायरला एकच काम सांगायचं. एक तर वळ, नाही तर थांब.” माझ्या पुस्तकात हीच गोष्ट दोन पाने आणि एक वर्तुळ खर्चून सांगितली होती. टायरची पकड ही ठरावीक रक्कम असते. ती थांबवण्यात खर्च केली, तर बाजूला सरकू न देण्यासाठी उरत नाही. कोरड्या पट्टीवर ही रक्कम इतकी मोठी असते की हिशेबाची गरजच पडत नाही, ओल्या पट्टीवर ती आटते, आणि नेमक्या त्याच वेळी आडवा वारा विमानाला बाजूला ढकलून त्यात आपला वाटा मागत असतो.

सिम्युलेटरची सत्रे बंगळूरला झाली. प्रशिक्षक मूळचे पंढरपूरचे. यंत्रात बसल्यावर बोलणे ठरावीक इंग्रजी शब्दांतच होई, पण बाहेर येऊन फळ्यासमोर बसलो की सर मराठीत बोलत आणि त्यांचे खरे शिकवणे तिथे होई. पहिले सत्र फक्त हवेतले होते. डावीकडून २५ नॉटचा वारा असेल, तर मध्यरेषेवर राहण्यासाठी विमानाचे नाक जवळजवळ ११ अंश डावीकडे वळवून, तिरपे उडत यावे लागते. अशा वेळी धावपट्टी समोर दिसतच नाही. डाव्या खुर्चीवरून ती उजवीकडे, दोन काचांमधल्या खांबाजवळ सरकलेली दिसते आणि मन सारखे सांगत राहते की आपण चुकीकडे चाललो आहोत. उजव्या खुर्चीवर इतकी वर्षे बसल्यामुळे माझ्या डोळ्यांना या चित्राची सवय उलट्या बाजूने झालेली होती. हातही बदललेले होते: विमान कलवण्या-उचलण्याची दांडी, म्हणजे साइडस्टिक, आता डाव्या हातात आणि इंजिनांचा जोर कमीजास्त करणारे थ्रस्ट लिव्हर उजव्या. पहिल्या सत्रातला बराच वेळ या अदलाबदलीतच गेला.

टेकण्यापूर्वी तीसेक फुटांवर नाक हळू उचलायचे आणि त्याच वेळी उजव्या पायाने रडर (शेपटीवरचे सुकाणू) दाबून विमान धावपट्टीशी सरळ करायचे. सरळ झाले की वारा लगेच त्याला उजवीकडे वाहून नेऊ पाहतो, म्हणून साइडस्टिक किंचित डावीकडे. वाऱ्याकडचे चाक आधी टेकते, मग दुसरे. इंटरनेटवर ज्यांच्या चित्रफिती लोक श्वास रोखून पाहतात ती उतरणी एवढीच असतात, आणि चित्रफीत साधारण इथेच संपते. सरांचे म्हणणे होते की तुझा अभ्यासक्रम इथे सुरू होतो.

त्यांनी पट्टी ओली केली, वारा तसाच ठेवला आणि मला एक विचित्र आज्ञा दिली: टेकल्यानंतर ब्रेक आणि रिव्हर्स पूर्ण लाव आणि मग काहीही सुधारू नकोस, फक्त बघ. विमान टेकले. शेपटीच्या उभ्या पंखावर वारा अडला आणि नाक वाऱ्याकडे, डावीकडे वळू लागले. इंजिनांचा उलटा जोर मागे खेचत होता, पण विमानच तिरपे झाल्यामुळे त्या ‘मागे’ची दिशा आता मागे आणि उजवीकडे अशी झाली होती. वारा उजवीकडे ढकलत होता आणि रिव्हर्सही उजवीकडे ओढत होता. ब्रेकने टायरची उरलीसुरली पकड थांबवण्याच्या कामाला लावल्यामुळे बाजूने घसरणे अडवायला काहीच शिल्लक नव्हते. नाक डावीकडे आणि विमान मात्र उजव्या कडेकडे, असा तो प्रवास मी पडद्यावर कडेचे दिवे चाकाखाली येईपर्यंत पाहिला. सरांनी यंत्र थांबवले आणि विचारले, “आता काय करशील?”

उत्तर मला पाठ होते, पण ते हातापायांना पटायला पुढची सत्रे लागली. रिव्हर्स कमी करून आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी जोरावर आणायचा, ब्रेक सोडायचे, रडरने नाक पुन्हा आपल्या वाटेच्या दिशेला आणून मध्यरेषेकडे परतायचे, आणि विमान सरळ झाल्यावरच पुन्हा ब्रेक आणि रिव्हर्स. धावपट्टीचा शेवट समोरून धावत येत असताना ब्रेकवरून पाय उचलणे हे माणसाच्या स्वभावाला धरून नाही. सर पुढे पुढे प्रत्येक वेळी घसरण वेगळ्या वेगाला देऊ लागले. जास्त वेगाला रडरला वारा मिळत असल्याने ते जोरकस असते, चालण्याइतक्या वेगाला पुढचे चाक वळवता येते, पण मधल्या टप्प्यात रडर थकलेले आणि पुढच्या चाकाला अजून धड पकड नाही, अशी स्थिती असते. त्या टप्प्यात पाय फार घाई न करता, पण थांबूही न देता हलते ठेवावे लागतात. एक सवय मात्र मोडावी लागली. टेकल्यावरही साइडस्टिक वाऱ्याकडे दाबून धरावीशी वाटते, पण त्यामुळे वाऱ्याकडच्या चाकांवर भार वाढून नाक आणखीच वाऱ्याकडे वळते.

सिम्युलेटरबद्दल माझी एक तक्रार आहे. घसरण त्यात खऱ्यासारखी वाटते, पण झोतांना एक लय असते आणि काही वेळाने पाय त्या लयीवर चालू लागतात. खऱ्या वाऱ्याला लय नसते. हे मी बोलून दाखवले तेव्हा सरांनी हॅम्बुर्गची घटना फळ्यावर काढली. १ मार्च २००८ रोजी एमा वादळात एक ए३२० तिथल्या २३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरत असताना झोताने कलले आणि त्याच्या डाव्या पंखाचे टोक जमिनीला घासले. वैमानिकांनी विमान पुन्हा उचलले, फेरी मारली आणि ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवर सुखरूप उतरवले. कोणालाही इजा झाली नाही. वायव्येकडून येणाऱ्या त्या वाऱ्याला ३३ ची दिशा २३ पेक्षा बरीच जवळची होती. हातातल्या कौशल्यापेक्षा दिशेची निवड किती मोठे काम करते, हे त्या एका आकृतीत दिसले. हॅम्बुर्गला निवडायला दुसरी दिशा होती, जिथे एकच पट्टी आहे तिथे निवड उरते ती उतरायचे की नाही एवढीच.

कोळिकोडचा अपघातही अर्थातच शिकवण्यात आला. ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी पावसात उतरणाऱ्या त्या विमानाला आडवा नव्हे, तर पाठीमागून वारा होता, आणि ८,८५८ फुटांच्या पट्टीवर ते ४,४३८ फूट पुढे जाऊन टेकले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. १३५ नॉटला विमान एका सेकंदात सुमारे ७० मीटर जाते, म्हणून पट्टीवर हळुवार टेकण्यासाठी तरंगत घालवलेला प्रत्येक सेकंद हा थांबण्याच्या हिशेबातून वजा होतो. आमच्याकडे त्यासाठी नियमच आहेत. निघण्यापूर्वीच्या हिशेबात थांबायला लागणारे अंतर कोरड्यासाठी १.६७ पट धरतात, ओल्यासाठी त्यावर आणखी १५ टक्के. या पटी पाहून कोणाला वाटेल की केवढी ही उधळपट्टी, पण त्या कशासाठी आहेत ते अपघातांचे अहवाल वाचले की कळते.

त्यानंतर प्रवाशांसह उड्डाणे सुरू झाली. बरीचशी शांत हवेत पार पडली. त्यांतले सांगण्यासारखे एक, जुलैमधले, नागपूरचे. तिथली धावपट्टी १४-३२, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याशी तिचे नाते जवळजवळ सोलापूरसारखेच. आम्ही खाली येत असताना वारा २६० अंशांवरून १८ नॉट होता आणि झोत २८ पर्यंत. आडवा भाग १६, झोतात २४. पट्टीचा अहवाल पाच-पाच-पाच होता आणि या आकड्यांना उतरता येत होते. तेवढ्यात धावपट्टीवर जोराची सर कोसळली. असा पाऊस पडत असताना उत्तम उतार असलेल्या पट्टीवरही काही काळ पाणी साठतेच. पुढच्या अहवालात शेवटच्या भागाचा अंक दोन आला.

प्रशिक्षक कमांडर उजवीकडे बसलेले होते आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. तक्त्यात दोनला मर्यादा २० आणि झोतात आमच्या वाट्याला २४. मी घिरट्या घालत थांबण्याची परवानगी मागितली, हैदराबादला जाण्याइतके इंधन बाजूला काढून किती वेळ थांबता येईल ते मोजले आणि प्रवाशांना मराठीत आणि इंग्रजीत सांगितले की पाऊस सरेपर्यंत आपण थांबत आहोत. घरी टेबलावर मला अतिरेकी वाटलेला तो फरक इथे पूर्ण निर्णय घेऊन टाकत होता, आणि खरे सांगायचे तर त्याने माझे काम हलके केले. उतरता येईल का, असा प्रश्न मला माझ्या धैर्याला विचारावा लागला नाही.

सर पुढे सरकली, पाणी ओसरले, अहवाल पुन्हा पाच-पाच-पाच झाला आणि वारा तसाच राहिला. शेवटच्या टप्प्यात वायपर पूर्ण वेगाने फिरत होते, धावपट्टी काचेच्या उजव्या भागात होती आणि झोतांमुळे पंख सारखे हलत होते. वीस फुटांवर यंत्राचा ‘रिटार्ड’, म्हणजे जोर कमी करा, हा आवाज आला, मी थ्रस्ट लिव्हर मागे ओढले, उजवा पाय दाबला, नाक सरळ आले आणि डावे चाक ठाम टेकले. शेजारून आवाज येत होते, “स्पॉयलर्स. रिव्हर्स ग्रीन. डिसेल.” म्हणजे स्पॉयलर उघडले, रिव्हर्स लागला, वेग उतरू लागला. स्पॉयलर, म्हणजे पंखांवरच्या उचल मोडणाऱ्या फळ्या, उघडले म्हणजे विमानाचा भार खऱ्या अर्थाने चाकांवर येतो, त्यामुळे हा पहिला शब्द ऐकल्याशिवाय जीव खाली पडत नाही. नाक डावीकडे ओढ घेत होते आणि पाय ती ओढ परतवत होता. ब्रेक मधूनमधून स्वतःच सैल होऊन पुन्हा पकडत होते, म्हणजे चाकाला घसरू न देणारी यंत्रणा काम करत होती. सत्तर नॉटपर्यंत मी मध्यरेषेवरून नजर हलवली नाही.

प्रवासी उतरताना मी कॉकपिटच्या दारात उभी होते. एक काका म्हणाले, “मॅडम, आणलंत सुखरूप, पण जरा आदळलंत.” मी हसून नमस्कार केला. रांग थांबवून सांगणे शक्य नव्हते, म्हणून इथे सांगते. ओल्या पट्टीवर अलगद टेकलेले चाक पाण्याच्या पातळ थरावर सरकत राहते, ते फिरायला उशीर लागतो आणि स्पॉयलर व ब्रेक यांचे पुढचे सगळे काम त्यामुळे लांबते. ठाम टेकलेले चाक तो थर फोडून खालच्या पृष्ठभागाला भिडते. पावसात लोण्यासारखे उतरलेले विमान हे कोरड्या दिवसाचे कौशल्य चुकीच्या दिवशी वापरल्याचे लक्षण असते, आणि आदळल्यासारखे वाटलेले उतरणे अनेकदा वैमानिकाने ठरवून केलेले असते.

अंतिम तपासणी कोरड्या, निवांत सकाळी झाली, तिच्यात सांगण्यासारखे काही नाही. मी कमांडर झाले. नव्या कमांडरला सुरुवातीच्या काळात आडव्या वाऱ्याची मर्यादा तक्त्यापेक्षा कमी आणि दृश्यमानतेची अट जास्त ठेवलेली असते, म्हणजे डाव्या खुर्चीवर बसले तरी ३८ चा आकडा सध्या माझ्यासाठी नाही. घरी हे सांगितले तेव्हा आईला ते अन्यायाचे वाटले आणि बाबांना योग्य. पावसाळ्यात निघण्यापूर्वी मी एका कागदावर उतरण्याच्या प्रत्येक ठिकाणाची धावपट्टीची दिशा लिहिते, तिच्यासमोर पाच आणि दोन या अंकांसाठी त्या दिवशीची माझी मर्यादा लिहिते आणि खाली पर्यायी विमानतळ. वाऱ्याने तो आकडा ओलांडला की तिकडे जायचे, आणि तिकडे जाण्याचे व थोडे थांबण्याचे इंधन निघतानाच टाकीत भरून घ्यायचे.